शक या नावाचा प्रवास

गणेश चतुर्थीच्या पूजेत संकल्पाच्या वेळी गुरुजी 'शालिवाहन शके' म्हणून वर्षाचा आकडा सांगतात. आपल्या पंचांगांवर, जुन्या कागदपत्रांवर, लग्नपत्रिकांवरही हा 'शके' असतोच. शिवछत्रपतींना आपण 'शककर्ते' म्हणतो आणि १६७४ साली त्यांनी सुरू केलेल्या कालगणनेला 'राज्याभिषेक शक'. मराठीत शक म्हणजे कालगणना, असे समीकरणच झाले आहे. पण मुळात हे एका भटक्या लोकांचे नाव. मध्य आशियाच्या गवताळ मैदानांत घोडे आणि गुरे घेऊन फिरणारे हे लोक होते. त्यांचे नाव आपल्या देवघरापर्यंत कसे पोहोचले, ते थोडक्यात पाहू या.

या लोकांनी स्वतःचा इतिहास लिहून ठेवला नाही. त्यामुळे त्यांची नावे आपल्याला शेजाऱ्यांच्या तोंडूनच कळतात. इ. स. पूर्व पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की, काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या या घोडेस्वारांना ग्रीक 'स्किथाई' म्हणतात, ते स्वतःला 'स्कोलोतोई' म्हणवतात, आणि इराणी लोक सरसकट सगळ्यांना 'सका' म्हणतात. चिनी ग्रंथांत तेच 'साई' झाले आणि आपल्याकडे 'शक'. पतंजलीच्या महाभाष्यात 'शकयवनम्' असा समास आहे, म्हणजे तेव्हाच हे नाव आपल्या विद्वानांच्या परिचयाचे होते.

इराणचा सम्राट पहिला दारयवहु याने आपल्या शिलालेखांत शकांचे प्रकार सांगितले आहेत. 'सका तिग्रखौदा' म्हणजे टोकदार टोपीवाले शक. यातला 'तिग्र' हा संस्कृत 'तिग्म' या शब्दाचा भाऊबंद, अर्थ तीक्ष्ण. 'सका हौमवर्गा' हे हओम वनस्पतीशी जोडलेले शक. हओम म्हणजेच आपला सोम, कारण आपल्या 'स'चा इराणीत 'ह' होतो. तिसरे 'सका परद्रया', म्हणजे समुद्रापलीकडचे. बेहिस्तूनच्या कड्यावर स्कुंख नावाचा बंदिवान शक सरदार कोरला आहे, त्याच्या डोक्यावर ती उंच टोकदार टोपी आजही दिसते. टोपी, वनस्पती, दिशा अशा परक्याच्या नजरेत भरलेल्या गोष्टींवरून ही नावे पडली.

मग मूळ नावाचा अर्थ काय? भाषाशास्त्रज्ञ ओस्वाल्ड सेमेरेन्यी यांनी १९८० साली मांडले की 'स्किथ' हे नाव 'स्कुद' या जुन्या शब्दापासून आले असून त्याचा अर्थ धनुर्धर. इंग्रजीतला 'शूट' त्याच कुळातला. 'स्कोलोतोई' हेही तेच नाव, फक्त 'द'चा 'ल' झाला. आपल्याला हे नवल वाटायला नको, ऋग्वेदात 'ईडे'चे 'ईळे' होतेच. 'सका' मात्र त्यांच्या मते वेगळ्या धातूपासून निघाला, अर्थ फिरणे, भटकणे. दुसरे अभ्यासक हॅरॉल्ड बेली यांनी त्याचा संबंध सामर्थ्यवाचक 'शक्' धातूशी जोडला. म्हणजे एकाच्या मते भटका, दुसऱ्याच्या मते समर्थ.

नावात कधी शेजाऱ्याचा रागही उतरतो. चीनच्या उत्तरेकडच्या भटक्यांचे 'श्योंगनू' हे नाव चिन्यांनी लिहिताना दुसरे अक्षर 'गुलाम' या अर्थाचे योजले. चौथ्या शतकातल्या एका सोग्दी व्यापाऱ्याच्या पत्रात त्याच लोकांना 'हून' म्हटले आहे. पुढे आपल्याकडे आलेल्या आक्रमकांना हूण हे नाव मिळाले, आणि आमच्या माळव्यातच, मंदसौरजवळ, यशोधर्म्याच्या स्तंभलेखात ते कोरलेले आहे.

शक मात्र आधीच इथे येऊन स्थिरावले होते. वाटेत ज्या प्रांतात राहिले त्याला 'सकस्तान' नाव पडले, तेच आजचे सिस्तान. पश्चिम भारतात ते क्षत्रप म्हणून राज्य करू लागले. नहपानाची कन्या दक्षमित्रा आणि जावई उषवदात यांची दाने नाशिकच्या लेण्यांत कोरलेली आहेत. उज्जैन ही चष्टनाची राजधानी, हे दुसऱ्या शतकातला टॉलेमी नोंदवतो. चष्टनाच्या घराण्याची नावेच पाहा: बाप यसामोतिक, मुलगा चष्टन, नातू जयदामन, पणतू रुद्रदामन. चार पिढ्यांत परकी नावे जाऊन देशी आली. त्याच रुद्रदामनाने इ. स. १५० मध्ये सुदर्शन तलावाच्या दुरुस्तीचा जुनागढचा लेख चक्क संस्कृतात कोरवला.

इ. स. ७८ पासूनची त्यांची कालगणना 'शककाल' म्हणून दक्षिणेत पसरली. 'शालिवाहन' हे विशेषण तिला पुष्कळ शतकांनी लागले. गंमत म्हणजे माळव्यात आमचे शेजारी जो विक्रम संवत् मानतात, तोही परंपरेनुसार शकांवरील विजयाचा. जिंकणारे आणि हरणारे दोघांच्याही पंचांगात शक राहिलेच. १९५७ साली भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठीही शकगणनाच स्वीकारली. लोक इथल्या मातीत मिसळून गेले, नाव मात्र वर्षाचे झाले.

यातून आपल्यासारख्या कुटुंबांनी काय घ्यायचे? आम्ही काही भटके नव्हे, पण घर सोडून आलेल्यांचे वंशज आहोत. माळव्यात आम्ही 'दक्षिणी', पुण्याच्या नातेवाइकांना 'इंदूरवाले'. दोन्ही नावे दुसऱ्यांनी दिलेली, दोन्ही खरी, आणि दोन्ही अर्धी. मुलांची नावे, बोली आता इथली होत आहेत. त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही, रुद्रदामनाचेही तेच झाले. पण शक स्वतःबद्दल फारसे लिहून गेले नाहीत, म्हणून त्यांच्या नावाचा अर्थ आज पंडितांना तर्काने लावावा लागतो. आपल्याला लिहिता येते. कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कोणाच्या चाकरीत आपले पूर्वज इथे आले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून या वर्षी प्रत्येक घराने निदान दोन पाने लिहून ठेवावीत. आपले नाव आपणच सांगितलेले बरे.