हाक आणि पडसाद

श्रोतेहो, बालाघाटाच्या डोंगरात वाढलेल्या माणसाला एक खेळ लहानपणापासून ठाऊक असतो. दरीच्या तोंडाशी उभे राहायचे, तोंडाभोवती हात धरायचे आणि समोरच्या कड्याला हाक मारायची. हाक जाते, कड्यावर आदळते आणि परत येते. कडा जवळ असला तर लवकर, लांब असला तर उशिरा. आम्ही लिंबागणेशची पोरे हा खेळ पुष्कळ खेळलो. पुढे मी इतिहासाचा अध्यापक झालो. या हाकेच्या आणि पडसादाच्या हिशेबावर एका यंत्राचे सारे नशीब उभे होते, हे मात्र मला फार उशिरा कळले. ते यंत्र म्हणजे आपल्या ओळखीची टू-स्ट्रोक मोटारसायकल.

आज या गाडीच्या आठवणीने पन्नाशीतली माणसे हळवी होतात. तो आवाज, तो निळसर धूर, तो गोडूस वास! हळवे होण्यात काही वावगे नाही. परंतु आठवण आणि इतिहास यांत फरक आहे. आठवण आपल्याला हवे तेवढेच ठेवते. इतिहासाला नको असलेलेही जवळ बाळगावे लागते. म्हणून आज या गाडीची गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगतो.

आपल्या बीड शहराला प्रवासी रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर आमच्या दळणवळणाचा सारा भार एस.टी.वर, आणि एस.टी. चुकली की मोटारसायकलीवर. शेजारच्या नगरात तयार होणारी लूना १९७२ पासून रस्त्यावर आलेली. म्हैसूरची जावा, जी पुढे येझदी झाली, ती क्वचित एखाद्या बागायतदाराकडे. दूधवाले आणि मुकादम यांची राजदूत. या साऱ्या गाड्या टू-स्ट्रोकच. आमचे आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. त्यांनी एक जुनी राजदूत घेतली होती. संध्याकाळी मांजरसुंब्याच्या बाजूने तिचा आवाज आला की आजी चुलीवर तवा ठेवायची. घरात घड्याळ होते, पण आजीचा विश्वास आवाजावर. "आला गं माझा लेक," असे ती म्हणे, आणि तवा तापेपर्यंत आप्पा खरोखरच दारात उभे असत.

आता हे इंजिन चालते कसे ते पाहू. चार-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या दोनदा वर आणि दोनदा खाली जातो, तेव्हा एकदा पेट्रोलचा भडका होतो. टू-स्ट्रोकमध्ये एकदा वर, एकदा खाली, की भडका. म्हणजे इंजिनच्या आसाच्या प्रत्येक फेऱ्याला जोर मिळतो. शिवाय वर झडपा नाहीत, झडपा उघडणारी यंत्रणा नाही. भाग थोडे, म्हणून किंमत कमी, वजन कमी आणि दुरुस्ती सोपी. बाभळीखाली पोते अंथरून मिस्तरीने खोलावी आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा जोडून द्यावी, इतकी सोपी. १८८० च्या सुमारास स्कॉटलंडच्या ड्युगाल्ड क्लर्क यांनी दोन-स्ट्रोकचे इंजिन रचले. पुढे १८९१ साली इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे यांनी त्याला ते साधे रूप दिले, जे आपण ओळखतो.

पण या साधेपणात एक खोट होती. आपण वाफ्याला पाणी देतो तेव्हा काय होते? एका तोंडाने नवे पाणी येते आणि ते साचलेले जुने पाणी दुसऱ्या तोंडाने बाहेर ढकलते. दोन्ही तोंडे एकदम उघडी असली तर जुन्याबरोबर थोडे नवेही वाहून जाते. टू-स्ट्रोकचे अगदी तसेच. पेट्रोल आणि हवेचे ताजे मिश्रण आत येऊन जळका धूर बाहेर ढकलते, आणि ढकलता ढकलता त्यातला काही भाग न जळताच धुराबरोबर निघून जातो. कधी पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त. पैशापरी पैसा गेला, आणि जोरही गेला.

या खोटीवर उपाय सापडला तो शर्यतीच्या मैदानासाठी. जर्मनीत त्शोपाऊ नावाच्या गावी मोटारसायकलींचा एक जुना कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धानंतर देशाचे दोन तुकडे झाले आणि हा कारखाना पूर्व जर्मनीत गेला. एम.झेड. हे त्याचे पुढचे नाव. पैसा नाही, चांगले पोलाद मिळत नाही, अशा अवस्थेत वाल्टर काडेन नावाचे अभियंते १९५३ पासून तेथे शर्यतीच्या गाड्यांचे काम पाहू लागले. त्यांनी लक्ष घातले ते धुराच्या नळ्यात, म्हणजे ज्याला आपण सायलेन्सर म्हणतो त्यात.

धूर इंजिनातून सुटतो तेव्हा त्याबरोबर आवाजाची एक लाट नळ्यातून धावत जाते. ती एक हाकच. नळा पुढे रुंद होत गेला तर त्या रुंदीवरून ओढ घेणारी लाट परत येते आणि उरलासुरला धूर बाहेर खेचते. शेवटी नळा पुन्हा निमुळता केला तर तेथून दाबाची लाट परत फिरते. ती नेमक्या क्षणी इंजिनच्या तोंडाशी पोचली तर बाहेर सांडू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत कोंबते. मधे पोट फुगलेला आणि टोकाला निमुळता असा तो नळा म्हणजे काडेन यांनी हिशेबाने बांधलेला कडाच! नळ्याची ही कल्पना त्यांच्या आधीही कोणाकोणाला सुचली होती. पण ती मोजूनमापून सिद्धीस नेली काडेन यांनी. १९६१ सालापर्यंत त्यांच्या १२५ घनसेंटीमीटरच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती गाठली. आपल्या येथे पुढे आलेल्या राजदूतचे इंजिन याहून बरेच मोठे होते. पण शक्तीच्या बाबतीत ते याच्या निम्म्यावरही नव्हते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहू लागली. काडेन यांचा अव्वल स्वार अर्न्स्ट डेगनर जागतिक अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर होता. १७ सप्टेंबर १९६१ रोजी स्वीडनमध्ये शर्यत होती. त्याच सुमारास त्याची बायको आणि मुले मोटारीच्या मागच्या पेटीत लपून पश्चिमेला पोचली. शर्यतीत डेगनरचे इंजिन बिघडले. अजिंक्यपद हुकले, पण तो परत गेला नाही. तो गेला जपानच्या सुझुकी कंपनीकडे, आणि काडेन यांची विद्या त्याच्याबरोबर गेली. दुसऱ्याच वर्षी, १९६२ मध्ये, सुझुकीच्या गाडीवर त्याने ५० घनसेंटीमीटर गटाचे जागतिक अजिंक्यपद जिंकले.

याला चोरी म्हणावे की विद्येचा प्रसार? शिक्षक मित्रांनी हा प्रश्न वर्गात जरूर टाकून पाहावा. डेगनरला आपली मुले मोकळ्या देशात वाढवायची होती, हे खरे. आणि ज्याने वर्षानुवर्षे राबून ती विद्या कमावली ते काडेन मागे रिकाम्या हाती राहिले, हेही तितकेच खरे. १९६३ साली जपानमध्ये सुझुकाच्या मैदानावर डेगनर आगीत भयंकर भाजला. त्या मैदानावरची वळणे आजही त्याच्या नावाने ओळखली जातात.

पुढचा इतिहास भराभर घडला. जपानचे कारखाने चढाओढीने टू-स्ट्रोक गाड्या मैदानात उतरवू लागले. १९६४ साली फिल रीडने यामाहावर २५० चे अजिंक्यपद घेतले. १९७५ साली जाकोमो अगोस्तिनीने यामाहावरच ५०० चे, म्हणजे सर्वांत मोठ्या गटाचे. त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ त्या गटात टू-स्ट्रोकला तोड राहिली नाही.

आणि मैदानावर मुरलेली ही विद्या नोव्हेंबर १९८५ मध्ये आपल्या देशातल्या रस्त्यावर आली. एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने आर.एक्स. १०० काढली. इंजिन ९८ घनसेंटीमीटरचे, शक्ती ११ अश्वांची. राजदूतचे इंजिन जवळजवळ पावणेदोनपट मोठे, पण ही पोरगी तिला चढावर बघता बघता मागे टाकी. मांजरसुंब्याच्या घाटात आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे. ठरावीक वेगाला पोचली की ती एकदम उसळे. तरुण पोरे म्हणत, "गाडी अंगात आली." अंगात येत नव्हते काही. नळ्यातली हाक आणि तिचा पडसाद यांची वेळ त्या वेगाला जुळत होती, एवढेच.

आता दुसरी बाजू. बीडमधले एक मिस्तरी आप्पांची गाडी दुरुस्त करीत. नुसता आवाज ऐकून "गुरुजी, रिंगा गेल्या," असे सांगणारा हा माणूस. आयुष्यभर बंद खोलीत टू-स्ट्रोकच्या धुरात बसला. शेवटच्या वर्षांत त्याला बोलताना धाप लागे. मला एकदा म्हणाला, "सर, लोकांना ह्या वासाची याद येती. मला तो वास सोडीनाच." त्याच्या छातीचे दुखणे केवळ धुराचे होते, असे मी डॉक्टर नसताना म्हणणार नाही. पण जो गोड वास आपल्याला आठवतो, तो न जळलेल्या पेट्रोलचा आणि तेलाचा होता, हे तर उघड आहे. शहरांत अशा लाखो गाड्या धावू लागल्या तेव्हा हवेची काय गत झाली असेल, याचा विचार करावा.

म्हणून कायदा कडक झाला. १९९६ आणि २००० साली धुराचे नियम आवळले गेले. १९८५ पासूनच हिरो होंडाची चार-स्ट्रोक गाडी कमी पेट्रोलात जास्त अंतर तोडून दाखवीत होती, आणि शेतकऱ्याने हिशेब ओळखला होता. १९९६ हे वर्ष तर विलक्षणच. त्या एका वर्षात आर.एक्स. १०० बंद झाली, म्हैसूरचा येझदीचा कारखाना बंद पडला, आणि तिकडे जर्मनीत वाल्टर काडेन वारले. मैदानावरही २००२ पासून मोठ्या गटात चार-स्ट्रोक आल्या. २५० चा टू-स्ट्रोक गट २००९ अखेर संपला आणि १२५ चा २०११ अखेर.

मग आपल्याला चुटपूट लागते ती कशाची? याचे उत्तर मला माझ्या आतेभावाने दिले. आम्ही त्याला दादा म्हणतो. १९९८ साली दादाने पाटोद्याच्या रस्त्यावर मित्राशी पैज लावली. दोघांच्याही आर.एक्स. समोरून बैलगाडी आली. बैल वाचले, दादाचा मित्रही वाचला. दादाचा पाय मात्र कायमचा अधू झाला. आत्याने गाडी भंगारात घालायला सांगितली. दादाने ती गोठ्यात झाकून ठेवली.

आपल्या देशात मोटारसायकलींच्या शर्यती पूर्वी विमानांच्या धावपट्ट्यांवर होत. मद्रासजवळ शोलावरमला होत, मुंबईत जुहूलाही होत. आता लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतली शर्यत भरते, आणि अशा शर्यतींत १३० घनसेंटीमीटरपर्यंतच्या देशी टू-स्ट्रोक गाड्यांचा वेगळा गट असतो. काही वर्षांपूर्वी मी दादाला ती पाहायला घेऊन गेलो. दोन-दोन गाड्या उभ्या राहत. दिवा लागला की सुटत. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. स्वारांच्या अंगावर चामड्याचा पोशाख, डोक्याला हेल्मेट, बाजूला रुग्णवाहिका. समोर बैलगाडी नाही, शाळेतून परतणारी पोरे नाहीत. जुन्या आर.एक्स. किंचाळत गेल्या आणि दादा रडला. मी विचारले, "दादा, काय झाले?" तो म्हणाला, "अरे, अशी जागा असते हे तेव्हा कुणी सांगितलंच नाही आम्हाला."

श्रोतेहो, मला वाटते, सारे सार यात आले. चुटपूट गाडीची नाही. त्या वयात अंगात जो वेग होता त्याला सुरक्षित मैदान मिळाले नाही, त्याची आहे. ते यंत्र रस्त्यावरून गेले हे बरेच झाले. पण जपलेली एखादी गाडी वर्षातून दोनदा मोकळ्या धावपट्टीवर धावली, तर हवेचे फारसे बिघडणार नाही आणि एका थोर विद्येचा जिवंत नमुना पोरांच्या दृष्टीस पडेल.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आज गावोगावी पोरे जुनी आर.एक्स. महागामोलाने विकत घेतात, आणि पहिले काम काय करतात, तर आवाज मोठा व्हावा म्हणून सायलेन्सरचे शेपूट कापतात. त्यांना वर्गात, नाही तर पारावर, ही गोष्ट सांगा. सांगा की ज्या नळ्यासाठी एका माणसाने आयुष्य वेचले आणि ज्याची विद्या घेऊन दुसऱ्याने देश सोडला, त्याच नळ्यावर तू करवत चालवतो आहेस. शेपूट कापले की हाक जाते, पण पडसाद वेळेवर परत येत नाही. आवाज वाढतो आणि जोर घटतो. पोरांना पटले नाही तर त्यांना डोंगराच्या कडेला न्या आणि हाक मारायला लावा. परत येणारा आवाज त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला, की नळ्याचे गणित समजावायला फार वेळ लागणार नाही.

आमच्या आप्पांची राजदूत केव्हाच विकली गेली. आजीही गेली. मीही आता चार-स्ट्रोक गाडीवर येतो. ती इतक्या हलक्या आवाजात येते की दारात उभा राहिलो तरी घरात कोणाला कळत नाही. मग मी आपला हॉर्न वाजवतो, आणि आतून सौभाग्यवती विचारते, "कोण आहे?"