प्रार्थनेतून आलेले इंग्रजी शब्द

नित्याच्या वापरातील कित्येक इंग्रजी शब्दांचे मूळ शोधू गेल्यास ते थेट प्रार्थनेपाशी जाऊन पोहोचते. शब्द व्यवहारात रुळले. त्यांतील प्रार्थना मात्र पुसट होत गेली.

'बीड' म्हणजे मणी, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु प्राचीन इंग्रजीत 'गेबेड' या शब्दाचा अर्थ होता प्रार्थना. मध्ययुगात भाविक माळेवर आपल्या प्रार्थना मोजत असत. मुखी प्रार्थना आणि बोटे मण्यांवर, त्यामुळे प्रार्थनेचे नाव कालांतराने मण्यालाच चिकटले. आज त्याच नावाने बाजारात काचेचे व प्लास्टिकचे मणी विकले जातात आणि घेणाऱ्याला प्रार्थनेची आठवणही होत नाही. मराठीत असे घडले नाही. मणी हा मणीच राहिला आणि 'जपमाळ' या नावात जप टिकून राहिला, ही आपल्या भाषेची श्रीमंतीच म्हणावी लागेल.

दुपारच्या बाराला इंग्रजीत 'नून' म्हणतात. हा शब्द लॅटिन 'नोना', म्हणजे 'नववा', यापासून आला. रोमन लोक सूर्योदयापासून तास मोजत. त्यामुळे नववा तास दुपारी ३ च्या सुमारास येई. शुभवर्तमानानुसार प्रभू येशूने क्रूसावर प्राण सोडला, तो याच वेळी. मठवासी या घटकेला 'नोना' ही प्रार्थना म्हणत आणि उपवासाच्या दिवशी त्यानंतरच भोजन करीत. मध्ययुगात ही वेळ हळूहळू अलीकडे सरकत बारावर आली. त्यामागे भूक असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे!

निरोपाचा 'गुडबाय' हा 'देव तुमच्याबरोबर असो' या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचा संक्षेप होय. 'हॉलिडे' म्हणजे मुळात पवित्र दिवस.

'चॅपल'ची कथा अधिक हृद्य आहे. चौथ्या शतकात रोमन सैनिक असलेल्या संत मार्टिन यांनी आमियां येथे थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून दिला, अशी परंपरा आहे. उरलेला झगा फ्रँक राजांनी पुढे पवित्र अवशेष म्हणून जतन केला. लॅटिनमध्ये छोट्या झग्याला 'कापेला' म्हणत. तो ठेवण्याच्या जागेलाही तेच नाव पडले आणि त्याची राखण करणारे धर्मगुरू 'चॅप्लेन' झाले.

शेवटी 'पॅरिश'. आपण त्यास धर्मग्राम म्हणतो आणि त्या शब्दाने स्थिर वस्तीचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. मूळ ग्रीक 'पारोइकिया' या शब्दाचा अर्थ मात्र परक्या भूमीतील तात्पुरता मुक्काम असा होता. आरंभीचे ख्रिस्ती लोक स्वतःस या जगातील प्रवासी समजत. संत पेत्राच्या पहिल्या पत्रात (२:११) श्रद्धावंतांना उद्देशून याच कुळातील ग्रीक शब्द आला आहे.