समुद्र हीच ज्यांची कबर

रायपूरहून बोलतोय, आणि आजचा विषय समुद्राचा आहे. आमच्याकडे समुद्र नाही, पण जयस्तंभ चौक आहे. सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांना इंग्रजांनी 10 डिसेंबर 1857 रोजी रायपुरात फाशी दिली, ती याच जागी, असं इथं मानतात. त्यांचं नाव इथलं शाळकरी पोरही सांगेल. पण स्मारकावर नावं कोरलेली आहेत आणि ती कुणी वाचत नाही, असंही होतं. त्यासाठी मुंबईला जाऊ.

मस्जिद बंदरच्या गर्दीत इंडियन सेलर्स होम आहे. तिथं पहिल्या महायुद्धात बुडालेल्या 2,000हून जास्त खलाशांचं स्मारक आहे. यातले बहुतेक लढवय्ये नव्हते, व्यापारी जहाजांवरचे नोकरदार होते. इंग्रज त्यांना लस्कर म्हणत. शब्द आपल्या लष्कराचाच भाऊ, पण हातात बंदूक नाही. दोर, फावडं नाहीतर कढई.

जहाजावर कामाची वाटणी प्रांतवार असे. डेकवर बरेचदा कोकण-काठेवाडचे, त्यांचा मुकादम सारंग. खाली भट्टीत कोळसा लोटणारे आगवाले पुष्कळदा पंजाब-सरहद्दीकडचे. जेवणघरात गोवेकर. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका. टॉर्पेडो लागला की पाणी आधी भट्टीत शिरणार, हे वेगळं सांगायला नको.

30 डिसेंबर 1915. लंडनहून मुंबईकडे येणारं पी. अँड ओ. कंपनीचं ‘पर्शिया’ जहाज जर्मन पाणबुडीनं क्रीट बेटाच्या दक्षिणेला बुडवलं. पाच-दहा मिनिटांत सगळं आटोपलं. 519पैकी 343 जण गेले. कपूरथळ्याचे महाराज आधीच मार्सेयला उतरले होते म्हणून वाचले. आजही ‘पर्शिया’चा विषय निघाला की गप्पा त्यांच्या जडजवाहिराच्या होतात. मला याची चीड येते. भट्टीपाशी कोण होतं, हे कुणी विचारत नाही.

कोलकात्यात बंगाल-आसामच्या 896 लस्करांसाठी हुगळीकाठी उंच मनोरा उभा राहिला, 1924 साली. त्याच वर्षी मुंबईत गेटवे ऑफ इंडियाचं उद्घाटन झालं, तेही राजाच्या आगमनाची आठवण म्हणून! मुंबईच्या खलाशांच्या वाट्याला मात्र छपराखालची जागा आली.

स्वातंत्र्यानंतर ते आपल्याही हिशेबात बसले नाहीत. साहेबाची चाकरी केली म्हणून हुतात्मा नाहीत, आणि साहेबाच्या दृष्टीनं तर ते नेटिव्हच. खरं तर ते पोटासाठी निघाले होते. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत ‘बोटीवर गेला’ एवढ्यावरच माणसाची हकीकत थांबते.

दुसऱ्या महायुद्धात असे आणखी 6,000च्या आसपास गेले. त्यांच्या नावांची एक वही केली गेली, दोन प्रतींत. पुढे फाळणी झाली, मग बांगलादेश झाला. आज एक प्रत याच सेलर्स होममध्ये आहे, दुसरी चितगावच्या युद्ध-दफनभूमीत. दोन्हींत नावं तीच आहेत.