काकांचा डोळा, बेडकाचा डोळा

नारायण पेठेतल्या एका छापखान्यात माझे काका खिळे जुळवत. १९७४ साली ते सायकलवरून पडले आणि डाव्या भुवईला दगड लागला. जखम आठवड्यात भरली. डोळा बाहेरून धड होता, पण दिसेना. आजीनं विचारलं, "कुणी नेत्रदान केलं तर?" डॉक्टर म्हणाले, "आजी, बसवता येतो तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा. इथं डोळ्यामागची नस गेली आहे. ती पुन्हा वाढत नाही."

मंडळी, बोट कापलं तर तिथली नस हळूहळू वाढते. मग हीच का नाही? कारण ती मेंदूचाच भाग आहे. तिच्यात दहा लाखांहून अधिक तंतू असतात. मेंदूतले तुटलेले तंतू प्रौढपणी पुन्हा जुळत नाहीत, हे स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी १९१३-१४ च्या ग्रंथात नोंदवलं. हा निकाल बदलायचं काम त्यांनी पुढच्यांवर सोपवलं.

बेडकाची गोष्ट मात्र वेगळी. अमेरिकेत १९४० च्या दशकात रॉजर स्पेरी यांनी बेडकाची हीच नस कापली. ती पुन्हा वाढली, तंतू आपापल्या जुन्या जागी पोचले! पुढे १९८० च्या दशकात मॉन्ट्रियलला अल्बर्ट अग्वायो यांनी उंदराच्या डोळ्यामागे पायातल्या नसेचा तुकडा जोडला. त्यातून काही तंतू मेंदूपर्यंत गेले. म्हणजे वाढण्याची ताकद पुरती मेलेली नव्हती.

काकांच्या भाषेत सांगायचं तर खिळे सगळे आहेत, पण वयाबरोबर काही खण बंद होतात. पेशीतल्या डीएनएवर बारीक रासायनिक खुणा बसतात आणि काही जनुकं गप्प होतात. डिसेंबर २०२० मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या डोळ्यांत तीन जनुकं कामाला लावली आणि चिरडलेल्या नसेचे तंतू वाढले. त्या खुणा पुसणारी विकरं अडवली, तेव्हा मात्र हा गुण आला नाही. त्याच वर्षी आपल्या पुण्यात, पाषाणच्या 'आयसर'मधल्या संजीव गलांडे यांच्या गटाचाही एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाण्यातला इवलासा हायड्रा नवं डोकं घडवतो, तेव्हा पेशींतल्या अशा खुणा कशा बदलतात, हे त्यांनी पाहिलं.

माणसाला गेलेली दृष्टी परत देणारा सिद्ध उपाय अजून नाही. म्हणून भुवईला मार लागला, तर एकेक डोळा झाकून पाहा; कमी दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

काका १९९९ साली गेले. शेवटपर्यंत एका डोळ्यानं त्यांनी उलटे खिळे वाचले. त्यांचे डॉक्टर चुकले नव्हते. फक्त 'वाढत नाही' याच्या जागी आज आपण 'अजून वाढवता येत नाही' असं म्हणू शकतो.