‘बुडाली’ आणि ‘अवसायनात गेली’

बाहेर धुकं उतरलंय, समोरची दरी दिसत नाही, तरी एवढे जण आलात. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. सहकार कायद्यातल्या अवसायनावर आम्ही काय बोलणार, हा प्रश्न आयोजकांच्याही चेहऱ्यावर होता. पण असं बघा, माणूस गेल्यावर मागे काय उरतं यावर आमच्या विषयात ग्रंथांचे ढीग आहेत. संस्था गेल्यावर काय उरतं, हे मात्र कायद्याच्या पुस्तकातच शोधावं लागतं.

गावात आपण म्हणतो, ‘सोसायटी बुडाली’. सरकारी कागद म्हणतो, ‘संस्था अवसायनात गेली’. बुडाली म्हटलं की कुणीतरी बुडवली, हा संशय त्यात आलाच. ‘अवसायन’ हा शब्द कुणाकडे बोट दाखवत नाही. संस्कृतात अवसान म्हणजे शेवट. आपण मात्र ‘अवसान गळालं’ म्हणतो तेव्हा बळ गळालं असं म्हणायचं असतं. संस्थेच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात. आधी बळ जातं, शेवट नंतर कागदावर येतो.

आता थोडं मागे जाऊ. 1902 साली निजामानं वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर इंग्रजांना कायम पट्ट्यानं दिलं, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, 1904 मध्ये, हिंदुस्थानातला पहिला सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. दहा माणसं एकत्र आली की संस्था. पण खेड्यातल्या पतसंस्थेची जबाबदारी सर्वसाधारणपणे अमर्यादित असे. म्हणजे काय? संस्थेचं देणं फिटलं नाही तर सभासदाच्या भागापुरतं प्रकरण थांबत नसे. त्याचं घरदार, बैलजोडी, शेत, सगळंच पणाला. 1912 च्या कायद्यानं अवसायकाला अधिकार दिला की कोणत्या सभासदानं किती भरायचं हे त्यानं ठरवावं. सभासदत्व सोडून गेलेलाही दोन वर्षं सुटत नसे. पुढं 1929 नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले, तेव्हा या तरतुदीचा अर्थ वऱ्हाडातल्या कास्तकाराला वकिलाकडे जाऊन विचारावा लागला नसेल. संस्था मरताना सभासदाला सोबत घेऊन जाई.

आजचा आपला कायदा 1960 चा, अंमलात आला 26 जानेवारी 1962 ला. त्याचं कलम 102 वाचा. संस्था गुंडाळायची कधी? चौकशीत किंवा लेखापरीक्षणात तसं निघालं तर, खास सभेत हजर असलेल्या तीन चतुर्थांश सभासदांनी ठराव करून मागणी केली तर, किंवा संस्थेनं काम सुरूच केलं नाही अथवा काम बंद पडलं तर. आधी अंतरिम आदेश, उत्तराला एक महिना, मग अंतिम आदेश, आणि त्यावर दोन महिन्यांत अपील. कागदावर चोख आहे बरं का. आम्हाला यातली एक गोष्ट फार आवडते. सगळी देणी भागवून काही शिल्लक राहिली, तर ती सभासदांनी आपल्या मनानं वाटून घ्यायची नाही; शासनाच्या पूर्वपरवानगीनं निबंधकानं वाटली तरच ती सभासदांकडे येते, नाही तर ती उपविधीत सांगितलेल्या किंवा सार्वजनिक कामाकडे जाऊ शकते. कंपनीचं तसं नाही, तिथं उरलेलं भागधारकांचं. सहकारी संस्थेत पिढ्यांनी घातलेलं आपोआप शेवटच्या हजर सभासदांचं होत नाही.

पण ‘काम बंद पडलं’ या शब्दांपाशी आम्ही अडतो, आणि त्यासाठीच इथं चिखलदऱ्यात हा विषय घेतला.

जंगल कामगार सहकारी संस्था आपल्यापैकी वयस्क मंडळींना आठवत असतील. सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्यानं 1930 च्या दशकाअखेरीस मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या पिळवणुकीचा अहवाल दिला, आणि 1947 पासून बाळासाहेब खेरांच्या काळात या संस्था उभ्या राहिल्या. कूपाचा लिलाव ठेकेदाराच्या घशात जाण्याऐवजी, कुऱ्हाड चालवणाऱ्यांच्या संस्थेला ते काम मिळावं, ही कल्पना. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात आला, तशी ती इकडेही आली. मेळघाटचा साग, कोरकूंचे हात आणि संस्थेचा शिक्का.

मग व्याघ्र प्रकल्प झाला, 1974 च्या सुमारास. 1980 ला वनसंवर्धन कायदा आला. वाघासाठी तोड थांबली, ते योग्यच झालं असं आमचं मत आहे. त्यावर इथं वाद घालायची तयारीही आहे. पण कूपच नाही म्हटल्यावर जंगल कामगार संस्थेनं करायचं काय? तिच्या वहीत काम नाही, म्हणजे कलम 102 च्या भाषेत ‘काम बंद’. संचालकानं पैसे खाल्ले म्हणून बंद पडलेली संस्था आणि राज्यानं जंगल बंद केलं म्हणून बंद पडलेली संस्था, दोघी एकाच ओळीत बसतात. आदेश काढायला कारण विचारावं लागत नाही.

2006 च्या वनहक्क कायद्यानं जंगलावरचा सामूहिक हक्क ग्रामसभेकडे आला, आणि मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीरसारख्या गावांनी तो चालवून दाखवला. ग्रामसभा निबंधकाकडे नोंदलेली नसते, म्हणून तिच्यावर अवसायक येऊ शकत नाही. हे तिचं बळ. पण तिचा हिशेब कोण तपासणार, हा प्रश्नही त्यातूनच निघतो. असो.

कारण विचारलं जात नाही असं म्हणालो, ते अर्धंच खरं. 1961 च्या नियमांत एक तरतूद आहे, ती फारसं कुणी वाचत नाही. अवसायन संपताना सभासदांची सभा बोलवायची, आणि तिथं अवसायकानं आपल्या कामाचा हिशेब सांगायचा, उरलेली रक्कम सांगायची, आणि संस्था का अपयशी ठरली त्याची कारणंही सांगायची. आदेशाच्या वेळी न विचारलेलं कारण कायदा असं अगदी शेवटी विचारतो, आणि तेही सभासदांच्या तोंडावर सांगायला लावतो. तुमच्या गावची एखादी जुनी संस्था अवसायनात असेल, तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे जा आणि विचारा: ती सभा कधी आहे? झाली असेल, तर इतिवृत्तात कारणांच्या जागी काय लिहिलंय?