कमान पाटा: नगरच्या रस्त्याचा एक इतिहास

१ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून निघून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पोचली, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. ती बेडफर्ड होती, लाकडी बॉडीची, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण मित्रहो, ती गाडी उभी कशावर होती? पाट्यांवर. आज त्यांच्याबद्दलच बोलू.

लांबीनं कमी कमी होत गेलेल्या पोलादी पट्ट्या एकावर एक रचायच्या, मधोमध सेंटर बोल्ट घालायचा आणि यू-बोल्टनं ॲक्सलला आवळायच्या. बाक दिलेला असतो म्हणून कमान. ही युक्ती मोटारीची नव्हे. १८०४ साली इंग्लंडात ओबाडाया इलियट यानं घोडागाडीच्या कमानींचं पेटंट घेतलं. मोटार पुष्कळ नंतर आली. नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइसची चिलखती गाडी आहे. सगळे तिचा बुरूज बघतात. आमचं म्हणणं, जरा वाकून खाली बघा. एवढं चिलखत पाट्यांवरच तोललंय.

आता दुरुस्ती. ‘पाटे बसले’ म्हणजे बाक गेला, गाडी एका अंगाला कलली. कमानवाला संच उघडायचा, मोडलेला तेवढा पाटा बदलायचा, बाकीचे तापवून पुन्हा बाक द्यायचा. सगळा संच फेकायची गरज नाही. हे लोहाराचं काम होतं, फक्त भट्टीसमोर आता टांग्याऐवजी ट्रक उभा.

तरी जुनं ते सोनं म्हणायची आम्हाला घाई नाही. तापवलेल्या पोलादाला पाणी नीट द्यावं लागतं. नुसतं थंड होऊ दिलं तर पाटा मऊ पडतो, पुन्हा बसतो. एकदम विझवून तसाच ठेवला तर ठिसूळ होतो आणि भरल्या गाडीखाली तडकतो. मेन पाटा तुटला की ॲक्सल जागचा सरकतो, गाडी स्टिअरिंगचं ऐकत नाही. म्हणजे प्रवाशांचा जीव कुणाच्या तरी अंदाजावर: लोखंड लाल झालं की नाही, एवढ्यावर.

मोटारीत हा अंदाज हळूहळू संपला. ॲम्बॅसडर आणि पद्मिनीला मागं पाटेच होते. पुढं छोट्या गाड्यांत चारी चाकांना कॉइल स्प्रिंग आली, जोडीला शॉकअप, लोअर आर्म, बॉल जॉइंट, रबरी बुश. आता खड्ड्यात ‘खटखट’ वाजलं की मेकॅनिक पहारीनं आर्म हलवून बघतो आणि सांगतो, बुश गेलाय. बुश ठोकून सुधारत नाही. नवा दाबून बसवायचा, मग अलाइनमेंट करून घ्यायची, नाहीतर टायर एका कडेनं झिजतो. काम नेमकं झालं, सुरक्षितही झालं. लोहार मात्र त्यातून वगळला गेला.

पण सगळीकडून नाही. लोणीला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये उभा राहिला, पाठोपाठ जिल्ह्यात इतर कारखाने आले. ऊस वाहणारे ट्रक आजही पाट्यांवरच चालतात, आणि ओझं किती घालतात ते आपण पाहतोच. त्यातला मोडका पाटा भंगारात जातो, तिथून घिसाड्याच्या ऐरणीवर. स्प्रिंगचं पोलाद धार धरतं, म्हणून त्याचा कोयता होतो. पाथर्डी-शेवगावकडचा ऊसतोड मजूर तोच कोयता घेऊन फडात उतरतो, आणि संध्याकाळी तोडलेला ऊस पुन्हा पाट्यांवरच चढतो.