थांबणं आणि अंगावर काढणं



ठाणे स्टेशनला पश्चिमेला उतरलं की नौपाडा लागतो. गोखले रोड, राम मारुती रोडच्या इमारतींकडे मान वर करून पाहिलं, तर डॉक्टरांच्या पाट्याच पाट्या. हाडांचे, डोळ्यांचे, हृदयाचे, बायकांचे. शहापूर-मुरबाडकडच्या आपल्यासारख्या बायका इथे येतात, तेव्हा पिशवीत गावच्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी असते, ‘तज्ज्ञांना दाखवा’ म्हणून. मग प्रश्न पडतो. ठाण्याच्या सिव्हिलला जायचं, शेजारच्या कळव्याला महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जायचं, की या पाट्यांपैकी एका पाटीखालचा जिना चढायचा? सरकारीत केसपेपर, रांग आणि पुढची तारीख. जिना चढला तर आजच तपासणी, पण पैसे कुठून आणायचे?

हा प्रश्न आपल्याला एकटीचा वाटतो. नवऱ्याला विचारू, की मंगळसूत्र गहाण टाकू, की राहू दे, बरं वाटेल आपोआप. पण आपल्या आज्या-पणज्यांपुढेही तो होताच, आणि त्यांच्याकडे तर आपल्याइतक्या वाटाही नव्हत्या.

आपल्याच जिल्ह्यातल्या कल्याणला ३१ मार्च १८६५ रोजी आनंदीबाई जोशी जन्मल्या. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेलं. त्या काळी बाई पुरुष डॉक्टरला दुखणं सांगायची नाही, आणि बाई डॉक्टर मिळायची नाही. म्हणजे दुखणं अंगावर काढायचं, एवढंच हातात. आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक ठरली होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानं त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

त्याच १८८६ साली मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं. बायका-मुलांसाठी, बायका डॉक्टरांनी चालवलेलं. ते सरकारनं आपणहून दिलं नाही. सोराबजी बंगाली आणि किट्रेज नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्यानं लोकांकडून निधी गोळा केला, पेस्तनजी कामांनी इमारतीसाठी मोठी देणगी दिली, आणि इंग्लंडहून डॉ. एडिथ पेची इथे काम करायला आल्या. पुढे १९२६ मध्ये परळला महापालिकेचं केईएम उघडलं. तिथल्या वैद्यकीय कॉलेजसाठी देणगी देणाऱ्यांची अट होती, की तिथे हिंदी डॉक्टरच शिकवतील. ठाण्याचं सिव्हिलही विठ्ठल सायन्ना या दानशूर माणसाचं नाव लावतं. तेव्हा ‘सरकारी म्हणजे फुकटचं’ असं कुणी नाक मुरडून म्हणालं, तर सांगा, ही रुग्णालयं लोकांच्या पैशातून आणि लोकांच्या आग्रहातून उभी राहिली आहेत. तिथल्या रांगेत उभं राहणं म्हणजे भीक मागणं नव्हे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कुणाचे उपचार अडू नयेत, हे त्याचं मुख्य सांगणं. गावात प्राथमिक केंद्र, वर तालुक्याचं, त्याच्या वर जिल्ह्याचं रुग्णालय ही उतरंड तिथूनच आली. पण वरच्या मडक्यात तज्ज्ञ कमी आणि खालून येणारे रुग्ण फार. रांग वाढली, आणि ज्यांना रांग परवडेना ते खाजगीकडे वळले. नौपाड्यातल्या पाट्याही अशाच वाढत गेल्या.

मग पैसे असले की खाजगीच बरं का? बीडच्या ऊसतोड बहिणींचं ऐका. २०१९ मध्ये तिथे ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली. त्यातल्या तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली, आणि बऱ्याच शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यांत झाल्या होत्या. पाळीत अंगावरून जास्त जातं, पोट दुखतं, मजुरीचा दिवस बुडतो, म्हणून झटपट मोकळं व्हायचं. कर्ज झालंच, वर कमी वयात पिशवी गेल्याचे त्रास उरले. घाईचीही किंमत असते, आणि ती बाईच्याच अंगाला लागते.

म्हणून आम्ही दोन शब्द वेगळे ठेवतो. थांबणं वेगळं आणि अंगावर काढणं वेगळं. डॉक्टरांनी तपासलंय, केसपेपर जवळ आहे, पुढची तारीख ठरलीय आणि तोवर काय झालं तर लगेच यायचं हे माहीत आहे, तर ते थांबणं. तपासलंच नाही, तारीख चुकली, कुणाला सांगितलं नाही, तर ते अंगावर काढणं. आनंदीबाईंच्या काळी बाईला दुसरं काही शक्यच नव्हतं. आज शक्य आहे.

तेव्हा तज्ज्ञाकडे पाठवणाऱ्या डॉक्टरांना तिथल्या तिथे विचारा, ‘हे किती दिवस थांबलं तर चालेल?’ मोतीबिंदू बहुधा काही आठवडे थांबतो. छातीत कळ आली, गरोदरपणात रक्त गेलं, तर एक तासही थांबायचं नाही. १०८ ला फोन करायचा. तातडीच्या रुग्णाला तारखेची रांग नसते. स्तनात गाठ लागली, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात तपासून घ्यायचं. तारीख लांबची मिळाली तर तिथेच सांगा, की मला एवढं थांबता येणार नाही.

पैशांचंही नीट बघा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ठाण्याचं सिव्हिल त्यात येतं. तिथे ९०० खाटांच्या नव्या रुग्णालयाचं काम काढल्यामुळे सिव्हिलचे विभाग मनोरुग्णालयाच्या आवारात हलवले होते, म्हणून निघण्याआधी आशाताईंकडून नेमका पत्ता घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात, आणि यादीतल्या खाजगी रुग्णालयांतही मिळतात. तिथे ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला भेटा. फोन १५५३८८. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना कायद्यानं दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा. आणि खाजगीत गेलात, तरी दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दिसेल अशी लावणं २०२१ च्या नियमांनी त्यांना बंधनकारक आहे. शस्त्रक्रिया सांगितली आणि जिवावर बेतलेलं नसेल, तर कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता येतं. पुष्कळ जणी हे मत सिव्हिलमध्ये घेतात. दोन्ही दारं आपलीच आहेत.

शेवटी एक काम सांगतो. इंग्लंडमध्ये १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा आहे. रांग तिथेही आहे, मोठी आहे. पण किती माणसं किती आठवडे थांबली हे तिथे मोजतात आणि दर महिन्याला जाहीर करतात. अठरा आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, असं त्यांचं उद्दिष्ट आहे. ते पाळलं गेलं नाही की लोकांना कळतं, आणि लोक जाब विचारतात. आपलं थांबणं मात्र आपल्या केसपेपरवरच राहतं.

बचत गटाच्या वहीत कुणाचा कितवा हप्ता राहिला हे आपण बिनचूक लिहितो. त्याच वहीचं मागचं पान उघडा. कोणाला कुठली तारीख मिळाली, ती पुढे गेली का, सोबत कोण जाणार, एवढंच लिहा, आणि तेही जिचं तिला विचारून. दुखण्याचं नाव लिहायची गरज नाही. तारीख जवळ आली की तिला आठवण करा. तीन-चार तारखा पुढे ढकललेल्या दिसल्या, तर तो कागद घेऊन ग्रामसभेत आणि आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीपुढे बोला. येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की पहिली नोंद करूनच उठा.